डोक्यावरची माती

आमचे मोठेबाबा उघड्या डोक्याने फिरत. आजच्या माणसाला यात काय विशेष ते कळायचं नाही, पण आमच्या वऱ्हाडात तेव्हा पुरुषाचं डोकं उघडं दिसायचं ते एकाच कारणाने. घरात कुणी गेलं की पागोटं उतरायचं. त्यामुळे मेडशीच्या बाजारात, नाहीतर शिरपूरच्या वाटेवर, कुणी अनोळखी माणूस त्यांना पाहून थबकायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "कोन गेलं जी?" मोठेबाबा शांतपणे म्हणायचे, "गायखोरी गेली." त्या बिचाऱ्याला वाटायचं, घरातली एखादी बाई असेल. तो च्‌ च्‌ करून पुढे जायचा.

गायखोरी बाई नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांच्या मधली ती खोरी. गुडघाभर गवत, पळस, टेंभुर्णी, आणि मध्ये एक झिरा. उन्हाळ्यात गावातल्या विहिरींचा तळ दिसला तरी त्या झिऱ्याला पाणी असायचं. गावची सगळी ढोरं तिथे चरायची. दुपारी झिऱ्यावर पाणी पिऊन पळसाखाली रवंथ करत बसायची. ती जागा कुणाची, हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांत कुणी विचारला नव्हता. म्हणूनच तर घात झाला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले, आणि लग्नानंतर दोन-तीन वर्षांत माझा नवराही तापाच्या साथीत गेला. सासरी मला कुणी हाकललं नाही, पण मी ताटावर बसले की सगळे गप्प व्हायचे. हे मोठेबाबांना कुठून कळलं देव जाणे. एका सकाळी बैलांची दमणी जुंपून दारात उभे. माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी नेतो. तिच्या लग्नातले भांडे राहू द्या." पाणीसुद्धा प्यायले नाहीत. वाटभर एक शब्द बोलले नाहीत, आणि घर आल्यावर आत हाक मारली, "अवं, हिले भूक लागली असन." मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याहूनही कमी बोलणारी. तिने भाकर वाढली आणि माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. माझं सांत्वन एवढ्यावर आटोपलं, आणि खरं सांगते, तेवढं मला पुरलं.

मोठेबाबांना एक खोड होती. सरकार कुणाचं, या विषयावर ते तासन्‌तास बोलायचे. आमचा वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. इंग्रजांनी तो कायमच्या मक्त्याने घेतलेला आणि पुढे नागपूरच्या कारभाराला जोडलेला. एवढं लोकांना ऐकून माहीत होतं. बाकीचे लोक ते ऐकून विसरले. मोठेबाबा मात्र ते धरून बसले. पारावर कुणी इंग्रजाला मालक म्हटलं की ते लगेच अडवायचे. "मालक कायचा गा? मक्तेदार हाय तो. मी तुह्यं वावर मक्त्यानं केलं तर पीक घेईन, धुऱ्यावरचा आंबा तोडीन काय? धुरा मालकाचाच राह्यते." धुरा म्हणजे शेताचा बांध. लोक हसायचे. मीसुद्धा हसायची. मोठेबाबा हसायचे नाहीत.

मग एका हिवाळ्यात जंगल खात्याची माणसं आली आणि गायखोरीच्या खालच्या तोंडाशी चुना फासलेले दगड रोवून गेली. दगडाच्या वरचं सगळं राखीव जंगल. ढोर आत दिसलं की कोंडवाड्यात. मोठेबाबा तहसिलीत गेले तर तिथे भलताच सूर. तिथले साहेब म्हणाले, ही चराईची जमीन आहे, मुलकी खात्याची आहे, जंगलवाल्यांचा तिच्याशी संबंध नाही. जंगलवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, झाडं आहेत म्हणजे जंगल आहे, तहसिलीला कोण विचारतं! एकाच सरकारचे दोन हात एकमेकांच्या तोंडात मारत होते आणि मधल्या मध्ये आमच्या गाई तहानलेल्या. वर नागपूर, त्याच्यावर दिल्ली. सगळे म्हणत, वरून हुकूम येऊ द्या. वरून काय येणार, कप्पाळ!

तेव्हा मोठेबाबांनी काय करावं? ते पैनगंगा ओलांडून निजामाच्या मुलखात गेले. खऱ्या मालकाला विचारायला! पायी गेले, आठवड्याने परत आले, पायांना भेगा पडलेल्या. तिथला अंमलदार म्हणे भला माणूस होता. त्याने बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, घर हमारा है, मगर चाबी उनके पास है." मोठेबाबांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले. मोठीमायने विचारलं, "मंग आता?" ते म्हणाले, "मंग आता शिव चालनं हाय."

शिव चालणं, म्हणजे गावाची हद्द चालून दाखवणं, ही आमच्याकडची फार जुनी रीत. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला आणि कागद नसला, की एका जुन्या जाणत्या माणसाने अंघोळ करून, ओल्या धोतराने, अनवाणी, वादातल्या जमिनीची माती टोपलीत घेऊन डोक्यावर ठेवायची आणि खरी हद्द असेल तिथून चालत जायचं. तो चालेल ती शिव. पण एक अट होती. ठरलेल्या सणापर्यंत त्याच्या घरात किंवा गोठ्यात मौत होता कामा नये. झाली, तर माणूस खोटं चालला. मग शिव रद्द, आणि त्या खोटेपणाचं पाप साऱ्या गावावर. आता ही रीत दोन गावांसाठी होती. सरकारच्या दोन खात्यांसाठी ती कुणी केली नव्हती. मोठेबाबांचं म्हणणं, "मानूस असो का खातं, मातीले काय फरक पडते?"

तहसीलदारसाहेब आपल्याकडचेच होते, त्यांना ते पटलं. निदान नाही म्हणवलं तरी नसावं. जंगलचा गोरा साहेब आधी हसला, मग अट ऐकून कबूल झाला. पोळ्यापर्यंत थांबायचं ठरलं. तोवर तहसीलदार शिफारस लिहिणार, आणि गावाकडून शिव खोटी झाल्याची तक्रार आली नाही तर गोरा साहेब दगड वर सरकवायला हरकत घेणार नाही.

वैशाखातली ती सकाळ मला काल घडल्यासारखी आठवते. मोठेबाबांनी पागोटं उतरवून मोठीमायच्या हातात दिलं. डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर टोपली, टोपलीत गायखोरीची लाल माती. ओल्या धोतरातून पाणी ठिबकत होतं. पुढे ते, मागे दोन्ही साहेब घोड्यांवरून उतरलेले, मागे सारं गाव.  वरच्या टेकडीच्या कडेने ते निघाले. एका जागी ते थांबले. तिथून जरा वर गेले असते तर टेंभुर्णीची दाट राई आमच्या हद्दीत आली असती. पाटलांनी मागून हळूच खोकून खूण केली, वर घ्या, वर घ्या. मोठेबाबा मान न हलवता म्हणाले, "तिकडे आपलं नाही," आणि खालून गेले. तेवढी राई त्यांनी हातची सोडली. खोटं चालायचं असतं तर तो माणूस तिथेच वरून चालला नसता का? मी हा प्रश्न आयुष्यभर विचारत आले आहे.

पाऊस चांगला झाला. गायखोरी हिरवीगार झाली, आणि आषाढ सरता सरता बुळकांडी आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना काय सांगू? ढोराच्या डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, पोट वाहून वाहून जनावर उभ्याउभ्या वाळतं आणि मग बसतं ते उठतच नाही. वाशीमकडे आली, मंगरुळाकडे आली, मेडशीत आली, आमच्याकडेही आली. रोज कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यातून ओढत न्यायचा आवाज यायचा. आणि त्याबरोबर कुजबुज. पहिल्यांदा बायकांत विहिरीवर, मग पारावर. शिव खोटी चालली असन. मी घागर आपटून म्हणाले, "मेडशीच्या ढोरायनंही शिव चालली काय वं?" बायका घागरी उचलून निघाल्या. पटून नव्हे, माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून.

आमचा गोठा मात्र शाबूत होता. मोठेबाबा रोज पहाटे जाऊन एकेका जनावराच्या डोळ्यांत पाहायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. त्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि उद्या जेवायला या असं त्यांना आवतण देतात. मोठीमाय तूप घेऊन गोठ्यात गेली आणि तशीच परत आली. तिच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं. आमचा तांब्या, डाव्या बाजूचा बैल, मान टाकून बसला होता. डोळ्यांखाली ओल्या रेघा.

मोठेबाबा त्याच्याजवळ बसले. त्यांनी त्याचा खांदा शेकला, नेहमीसारखा, घाई न करता. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "तांब्या, उद्या जेवाले येजो बरं." दिवस मावळायच्या आत तो गेला. एक दिवस! एका दिवसासाठी! त्या दिवसाला मी अजून शिव्या देते.

पोळा झाला नाही. पाटील आणि चारपाच जाणती माणसं आमच्या ओसरीवर आली. पाटील वाईट माणूस नव्हता, त्याच्याही गोठ्यात दोनच जनावरं उरली होती.  मग तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "दादा, शिव वापस करा. नाहीतर गावात शेपूट उरत नाही." मला राहवलं नाही. मी विधवा बाई, पुरुषांत यायची रीत नव्हती, तरी आतून बाहेर आले. "लाज नाही वाटत? साऱ्या तालुक्यातली ढोरं मरून राह्यली! साऱ्या तालुक्यानं शिव चालली होती काय? तवा तुमीच त्यायले वर घ्या म्हून खोकत होते ना पाटील?" पाटलाने मान वर केली नाही. मोठेबाबांनी मला हाताने थांबवलं.

ते म्हणाले, "तू म्हनते ते खरं असन, बाई. पन माती मी उचलली होती. तालुक्यानं नाही."

  पुढे मी शिकले, शिकवलं, पण असं वाक्य मला पुन्हा कुणी ऐकवलं नाही. रीत मोडू नये असं मानणारे खूप असतात. रीत आपल्यावर उलटली तरी ती पाळणारा मी तो एकच पाहिला, आणि मला त्याचा अभिमान वाटावा की त्याला गदागदा हलवावं, हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तहसिलीत गेले. मी हट्टाने बरोबर गेले. तहसीलदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाबा, रोग सगळीकडे आहे. माझी स्वतःची गाय गेली. मी शिफारस लिहून ठेवली आहे, तुम्ही फक्त गप्प बसा!" खरंच असे शब्द, गप्प बसा. साहेबाच्या डोळ्यांत काकुळत होती. मोठेबाबांनी हात जोडले. "सरकार, तुमी भले. पन लिवा. माही शिव खोटी झाली." साहेबांनी लिहिलं. मोठेबाबांनी अंगठा दिला. चुन्याचे दगड होते तिथेच राहिले, आणि पुढच्या चराईच्या मोसमात गायखोरी कायदेशीर राखीव जंगल झाली. ज्या भांडणात दोन खात्यांनी वर्षं घालवली ते आमच्या माणसाने एका अंगठ्याने मिटवलं.

आणि थंडी पडली तशी बुळकांडी ओसरली. ती तशीही ओसरणारच होती. पण गावाला आणखी काय पुरावा हवा? शिव परत केली, रोग गेला! ज्यांच्या तोंडी कुजबुज होती तेच आता मोठेबाबांच्या पाया पडायला आले, की दादा, गाव वाचवलंत. मी दार लावून घेतलं.

तेव्हापासून पागोटं खुंटीला. मोठीमायने एकदा धुऊन, घडी करून समोर ठेवलं. ते म्हणाले, "ज्या डोक्यावर खोटी माती चढली त्या डोक्याले हे शोभत नाही." त्यांना बोलताबोलता डोक्यावरून हात फिरवायची सवय लागली. मी विचारलं, काय होतं? "जड लागते. माती उतरली नाही अजून." वऱ्हाडातलं ऊन! टाळू करपून काळी पडली. पण चालताना मान ताठ, खांदे सरळ, जशी टोपली डोक्यावर असताना माणसाची होते. लांबून त्या चालीवरून त्यांना कुणीही ओळखायचं.

गायखोरीत त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. इतर लोक चोरून जायचे, फॉरेस्ट गार्डाच्या हातावर काहीतरी ठेवून ढोरं घालायचे. आमची जनावरं उन्हाळ्यात नदीच्या डबक्यावर जायची, अर्धा दिवस वाटेत. एका कडक उन्हाळ्यात मोठेबाबांची म्हातारी गाय वास घेत घेत स्वतःच चुन्याचा दगड ओलांडून झिऱ्यावर गेली. मोठेबाबा दगडाच्या अलीकडे उभे राहून तिला हाका मारत राहिले. ती पोटभर पाणी प्यायली, सावकाश परत आली. त्यांनी तिला काही म्हटलं नाही. घरी येऊन मोठीमायला एवढंच म्हणाले, "तिनं कुठं माती उचलली होती." त्या दिवशी ते हसल्याचं मी पाहिलं.

मग खोरीत लाकडी कोळशाचे ठेके निघाले. रखवालीसाठी म्हणून घेतलेलं जंगल! टेंभुर्णीची ती राई, जी त्यांनी हातची सोडली होती, ती सगळ्यात आधी पडली. भट्ट्यांचा धूर आमच्या अंगणात यायचा. मोठेबाबा ओसरीवर बसून तिकडे पाहायचे. एक दिवस मला म्हणाले, "तू शिकाले जाय. मास्तरीन हो. ज्याच्या हाती कागद हाय त्याच्याशी आपल्यातलं कोनीतरी बोललं पायजे." मोठ्या वयात, पोरींच्या बरोबरीने बसून मी ट्रेनिंग केलं. गावात नावं ठेवली लोकांनी. ठेवोत. मंगरूळपीरला मी नोकरीला लागले, सुट्टीला घरी आले की ते पहिला प्रश्न विचारायचे, "कागदात गायखोरी कोनाची लिवली हाय ते सापडलं काय?" मी म्हणायची, शोधते. खरंच शोधत होते. एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवायची, दुसरी तिसरीकडे.

स्वातंत्र्य आलं. पाटलाचा नातू, खादी घातलेला, मोठेबाबांना पेढा द्यायला आला. "आजा, आपल्यावर निजाम नाही, इंग्रज नाही. आता रान आपलं!" मोठेबाबा तेव्हा खाटेला खिळले होते. पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "आपलं म्हंजे कोनाचं? नागपूरचं का दिल्लीचं?" पोरगा गोंधळला. म्हणाला, "आपल्या सरकारचं." मोठेबाबा म्हणाले, "हं," आणि पेढा मोठीमायकडे दिला.

त्याच हिवाळ्यात ते गेले. मी मंगरूळपीरहून पोचले तोवर त्यांना अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. सारं गाव जमलेलं. नवं धोतर होतं, उपरणं होतं, डोकं उघडं.  मी आत गेले, खुंटीवरचं पागोटं काढलं, झटकलं आणि बाहेर येऊन त्यांच्या डोक्याला बांधायला बसले. कुणी म्हणालं, बाई, बाईमाणसानं बांधू नये. मी म्हणाले, "खरं चालले होते ते. ज्याले खोटं वाटते त्यानं समोर येऊन सांगा." कुणी आलं नाही. म्हातारा पाटील काठीवर हनुवटी टेकून रडत होता.

मी शेवटचा पेच खोवला, तेव्हा मोठीमाय उठली. ती त्यांच्या उशाशी येऊन बसली. मला वाटलं, आता ही मला साथ देणार. ती म्हणाली, "काढ बाई ते."

"काहून, मोठीमाय?"

"त्यायनं बांधलं नाही. आपन कोन बांधनारे?"

मी पागोटं काढलं.  मग मोठीमायने आपला पदर घेतला आणि त्यांच्या डोक्यावरून, त्या काळ्या पडलेल्या टाळूवरून, हळूहळू पुसत गेली. ओझं उतरवल्यावर डोक्यावरची धूळ झटकतात तसं. कपाळ, कान, मान, सगळं पुसलं. तिथे माती नव्हती. ती तरी पुसत होती, आणि त्यांना ऐकू जावं तशी वाकून म्हणाली, "उतरली जी. आता चला."

त्यांना उघड्या डोक्यानेच नेलं. पागोटं माझ्या ट्रंकेत आहे. गायखोरी कुणाची, ते मी नोकरी सुटल्यावरही विचारत फिरले, आणि मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.